एक किलोच्या आतली माणसं

मित्रांनो, मला पेटी म्हणतात, पण माझ्यात कोणी कधी कपडे ठेवले नाहीत की धान्य ठेवलं नाही. माझ्यात माणसं ठेवली. इतकी लहान माणसं, की त्यांच्या पायाच्या बोटाचं नख बघायला तुम्हाला भिंग लागलं असतं. मी धुळ्याच्या एका दवाखान्यातली काचेची पेटी आहे. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना ऊब मिळावी म्हणून मला घडवलं होतं. आता माझी एक काच तडकली आहे, खालच्या फळीला वाळवी लागली आहे, आणि सामानाच्या खोलीत सलाईनच्या रिकाम्या खोक्यांखाली मी पडून आहे. पण माझी कीव करू नका. मला रडगाणं गायचं नाही. मला एका बाईची हकीकत सांगायची आहे. तिचं नाव मंजुळाबाई. माझ्या डोळ्यांदेखत ती दोनदा डॉक्टरांशी भांडली. पहिल्या वेळी जे मागितलं, त्याच्या अगदी उलट तिनं दुसऱ्या वेळी मागितलं. आणि दोन्ही वेळा ती बरोबर होती, असं मी आजही छातीठोकपणे सांगते.

माझा जन्म १९८४ सालचा. डॉक्टर अभिमन देवरे लहान मुलांच्या आजारांचं शिक्षण घेऊन मुंबईहून धुळ्याला परत आले, तेव्हा त्यांचा दवाखाना म्हणजे सहा खाटा आणि एक बाळंतपणाची खोली. बाळंतपणं त्यांच्या पत्नी करायच्या, बाळांकडे ते स्वतः बघायचे. मोठ्या शहरात बाळांना ठेवायला यंत्रं असतात तसलं यंत्र आणणं त्यांच्या आवाक्यात नव्हतं. म्हणून त्यांनी वहीच्या कागदावर चित्र काढलं आणि लोटन मिस्तरीच्या हातात दिलं. लोटन मिस्तरी दारं-खिडक्या करणारा माणूस. त्यानं कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि विचारलं, "साहेब, कोंबडीना पिलं काढानी पेटी शे का हाई?"

डॉक्टर म्हणाले, तसंच समज, फक्त पिलं माणसाची आहेत.

मिस्तरीनं कागद खिशात घातला. त्यानं जुन्या सागाच्या फळ्या निवडल्या आणि आतल्या कडा इतक्या घासल्या की लोण्यावरून बोट फिरवावं तसं वाटावं. काम पुरं झाल्यावर, निघता निघता, त्यानं सांगितलं की त्याची स्वतःची दोन लेकरं सातव्या महिन्यात जन्मून गेली होती. मग सायकलला टांग मारून तो निघून गेला.

मी दिसायला साधीच होते. खाली चार बल्ब, त्यांच्यावर जाळी, जाळीवर पाण्याचं ताट, वर बाळाची गादी. चारी बाजूंनी काच. पुढच्या काचेला दोन गोल भोकं आणि त्यांना शिवलेल्या कापडाच्या बाह्या, म्हणजे झाकण न उघडता हात आत घालता यावेत. मागे एक बारीक भोक ऑक्सिजनच्या नळीसाठी. आत एक थर्मामीटर टांगलेला. बाकी सगळं काम होतं सुगंधाबाईंचं.

सुगंधाबाई म्हणजे दवाखान्यातल्या नर्स. माहेर जळगावच्या पिंप्राळ्यातलं, लग्नानंतर धुळ्याला आलेल्या. माझा स्वभाव त्यांनी आठवडाभरात ओळखला. पारा चढला की एक बल्ब बंद, उतरला की वरून घोंगडी, वीज गेली की गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून बाळाच्या दोन्ही बाजूंना. पहिल्या वर्षातच माझ्यातून चौदा बाळं घरी गेली. दीड किलोची, पावणेदोन किलोची. लोक मला बघायला यायचे. काचेला हात जोडून नमस्कार करायचे. मला तेव्हा फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग १९८६ च्या फेब्रुवारीत मंजुळाबाई आली. सोनगीरजवळच्या एका खेड्यातली, वय असेल वीस. नवरा झुलाल, घरची भुईमूग-बाजरीची शेती. सातवा महिना नुकता लागला होता आणि कळा सुरू झाल्या. मुलगी झाली, वजन एक किलो पन्नास ग्रॅम, आणि ती रडली नाही. डॉक्टरांनी तिच्या इवल्याशा तोंडा-नाकावर मास्क धरला आणि त्याला जोडलेला रबराचा फुगा बोटांनी दाबायला घेतला. फुगा दाबला की हवा छातीत जाते, सोडला की बाहेर येते. चार मिनिटं ते दाबत होते. पाचव्या मिनिटाला मुलीनं स्वतः दम घेतला, आणि सुगंधाबाईंनी तिला माझ्या हवाली केलं.

ती माझ्यात सत्तावन्न दिवस राहिली. मागच्या भोकातून ऑक्सिजन रात्रंदिवस चालू होता. तिचे ओठ जरा निळे झाले की डॉक्टर तो वाढवायचे. त्या काळी किती द्यायचा हे मोजायचं साधन दवाखान्यात नव्हतं. बाळ गुलाबी दिसलं की सगळे निश्चिंत व्हायचे. मीही झाले. ती घरी गेली त्या दिवशी झुलालनं साऱ्या दवाखान्याला पेढे वाटले. मुलीचं नाव ठेवलं सरला.

वर्षभरानं मंजुळाबाई तिला घेऊन परत आली. पोर बाळसेदार होती, आवाजाकडे मान वळवत होती, पण उजेडाकडे बघत नव्हती. डॉक्टरांनी जळगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. पंधरा दिवसांनी ती आणि झुलाल तिकडचा कागद घेऊन आली, तेव्हा डॉक्टरांनी तो माझ्याशेजारीच उभं राहून वाचला. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ऑक्सिजन जास्त झाला की डोळ्याच्या आतला पडदा बिघडतो. सरलाचे दोन्ही पडदे गेले होते.

डॉक्टरांनी लपवलं असतं तर त्या दोघांना काही कळलं नसतं. पण त्यांनी लपवलं नाही. मान खाली घालून सांगितलं, की ज्या हवेनं ती जगली त्याच हवेनं तिचे डोळे नेले. ती नळी माझ्याच भोकातून आत जात होती, मित्रांनो. हे मी कधी विसरले नाही.

झुलालनं एवढंच विचारलं, "मंग साहेब, तिले वढीसन आनं तरी काबरं?" मग ओढून आणलंत तरी कशाला? मंजुळाबाई एक अक्षरही बोलली नाही. तिनं पोरीला कडेवर घेतलं आणि ती निघून गेली. ते गप्प राहणं डॉक्टरांच्या जिव्हारी लागलं. बाई शिव्या देऊन गेली असती तरी चाललं असतं, असं ते नंतर सुगंधाबाईंना म्हणाले.

त्या आठवड्यात दवाखान्यात नवा नियम झाला. बाळ अठ्ठावीस आठवड्यांच्या आतलं किंवा एक किलोच्या आतलं असेल, तर फुगा लावायचा नाही. डॉक्टरांचं म्हणणं असं, की अशी बाळं बहुतेक जातातच, आणि जी राहतात त्यांच्या नशिबी काय येतं ते आपण पाहिलंय; आपल्याला ओढून आणता येतं म्हणून ओढून आणू नये. विचार वाईट नव्हता. एका चांगल्या माणसाच्या मनाला लागलेल्या घावातून तो आला होता. पण अंमल कसा होई तो ऐका. असं बाळ जन्मलं की ते एका स्टीलच्या ट्रेमध्ये, फडक्यावर ठेवलं जाई. कोणाची छाती दहा मिनिटं हलायची, कोणाची अर्धा तास. दारापलीकडच्या खोलीत आईला सांगत, बाळ मेलेलंच जन्मलं. कागदावरही तसंच लिहीत, मृत जन्म.

सुगंधाबाई त्या ट्रेजवळ उभ्या राहायच्या. बाळाच्या तळव्यात आपली करंगळी द्यायच्या. बाळ ती धरायचं. सगळं संपलं की फडकं दुमडायच्या आणि कामाला लागायच्या. हे त्यांनी घरीही कोणाला सांगितलं नव्हतं. मी शेजारीच होते म्हणून मला माहीत. माझे चारही बल्ब चालू, गादी रिकामी, आणि हातभर अंतरावर एक माणूस थंड पडत चाललेलं. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

अशी साडेचार वर्षं गेली. १९९१ च्या नोव्हेंबरात एक दिवस दुपारी दोनच्या सुमाराला दवाखान्यासमोर जीप थांबली आणि झुलाल आणि त्याची आई भिकुबाई मिळून मंजुळाबाईला आत घेऊन आले. याही वेळी सातवा महिना नीट लागायच्या आतच कळा आल्या होत्या. दुसऱ्या कोणत्या दवाखान्यात जाऊ, असं झुलाल म्हणत होता म्हणे. तिनंच इथं आणायला लावलं.

अर्ध्या तासात मुलगा झाला. सुगंधाबाईंनी वजन केलं. नऊशे ग्रॅम. बाळंतपणाच्या आणि माझ्या खोलीमधलं दार घाईत उघडंच राहिलं होतं. डॉक्टरांनी बाळाकडे पाहिलं, मंजुळाबाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तिला ओळखलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मानेनंच ट्रेकडे खूण केली. सुगंधाबाईंनी बाळाला फडक्यात घेतलं, पण ट्रेपाशी जाऊन त्यांचे हात थांबले.

बाळंतपणाच्या टेबलावरून मंजुळाबाईचा आवाज आला. तो मोठा नव्हता. "जित्तं शे ते. माले दखास." जिवंत आहे ते, मला दिसतंय.

डॉक्टर तिच्याजवळ गेले. हळू आवाजात म्हणाले, बाई, हे फार लहान आहे, जगणार नाही, आणि जगलं तरी सरलाचं जे झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्यावर मी एकदा ते संकट आणलं, दुसऱ्यांदा आणणार नाही.

मंजुळाबाई कोपरावर उठून बसायला लागली. बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरीणबाई तिला निजवत होत्या, तरी ती उठली.

"सरला मनी आंडेर शे, साहेब. तुमनी चूक नही." सरला माझी लेक आहे, ती काही तुमची चूक नाही.

डॉक्टर म्हणाले, "पण त्या दिवशी तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. तशाच निघून गेलात."

"पोरले भूक लागेल व्हती," ती म्हणाली.

मग ती भडाभडा बोलायला लागली. सरला आता पाच वर्षांची आहे. ती भुईमुगाच्या शेंगा फोडते, एकही दाणा फोलपटात जाऊ देत नाही. अंगणात कोण आलं ते पावलावरून सांगते. शेजारणी म्हणतात, ही असण्यापेक्षा नसती तर बरं. त्यांच्याशी मी रोज भांडते. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हीही तेच म्हणता? आणि शेवटी तिनं ते विचारलं, जे या दवाखान्यात साडेचार वर्षांत एकाही आईनं विचारलं नव्हतं, कारण एकीलाही विचारण्याची संधीच दिली नव्हती.

"तुम्हीन माले इचारं का?"

हे सगळं बोलणं चाललं होतं तेवढ्यात, मित्रांनो, माझ्याजवळ एक गोष्ट घडली होती. सुगंधाबाईंनी बाळ ट्रेमध्ये ठेवलंच नव्हतं. त्यांनी ते माझ्याशेजारच्या टेबलावर ठेवलं, सगळ्यांत लहान मास्क घेतला आणि फुगा दाबायला सुरुवात केली. इथली आणि आधीची मिळून पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी डॉक्टरांच्या सांगण्याबाहेर एक गोळीसुद्धा कोणाला दिली नव्हती. डॉक्टर वळले तेव्हा बाळ गुलाबी व्हायला लागलं होतं. सुगंधाबाई मान वर न करता म्हणाल्या, "तुमचं बोलणं होऊ द्या, डॉक्टर. तोवर याला थांबता येणार नाही."

डॉक्टर मंजुळाबाईजवळ स्टूल ओढून बसले. आणि मग त्यांनी तिला सगळं सांगितलं, हातचं काही राखलं नाही. अशा दहांपैकी आठ-नऊ जातात. राहिलं तर डोळे, डोकं, हातपाय, कशालाही धोका आहे. ऑक्सिजन कमी दिला तर जीव जाईल, जास्त दिला तर डोळे. मध्ये कुठेतरी चालायचं आहे आणि ती वाट त्यांनाही नीट ठाऊक नाही. तिनं सगळं ऐकलं. म्हणाली, तो आपणहून दम घेतोय तोवर तुम्ही त्याला साथ द्या. नाही झालं तर नाही झालं. पण त्याचा झगडा त्याला करू द्या.

अशा रीतीनं एक किलोच्या आतला पहिला माणूस माझ्यात आला. तिनं त्याचं नाव त्याच दिवशी ठेवलं, पुना. बाराव्या दिवसाची वाट पाहा, असं भिकुबाई म्हणाल्या, पण तिनं ऐकलं नाही.

पुना माझ्यात हातभर जागेत दीड वितीएवढा पडून असायचा. त्याच्या छातीच्या फासळ्या काडीसारख्या दिसायच्या. दम घेता घेता तो मध्येच विसरायचा, मग सुगंधाबाई बाहीतून हात घालून त्याच्या तळपायाला टिचकी मारायच्या की तो पुन्हा सुरू व्हायचा. मंजुळाबाई वाटीत दूध काढून द्यायची, ते नळीतून थेंब थेंब जायचं. ऑक्सिजन मात्र डॉक्टर स्वतःच्या हातानं कमी-जास्त करायचे आणि प्रत्येक वेळी मंजुळाबाईला सांगायचे, आता एवढा केला, अशासाठी केला.

पाचव्या दिवशी भिकुबाई सरलाला घेऊन आल्या. सरला दोन्ही हात पुढे धरून माझ्यापाशी आली, माझी काच चाचपली, भोक सापडलं तशी बाही आपोआप तिच्या हातावर चढली. सुगंधाबाईंनी आधीच तिचे हात धुतले होते; त्यांनी तो हात आत जाऊ दिला. तिनं भावाचा पाय धरला. अंगठा चाचपून म्हणाली, शेंगदाण्याएवढा आहे. मग बराच वेळ ती त्याच्या दमाकडे कान देऊन उभी राहिली. एकदा तो थांबला तर सुगंधाबाईंच्या आधी तिनंच टिचकी मारली.

आठव्या दिवशी पुनाला झटके आले. डोक्यावरची टाळू ताणून वर आली. डॉक्टरांनी ओळखलं, मेंदूत रक्त उतरलं आहे. त्यांनी ते मंजुळाबाईला सांगितलं, पण सांगताना शेवटी जोडलं, की मी सोडणार नाही. नवव्या दिवशी पुना स्वतः दम घ्यायचा थांबला. डॉक्टर फुगा दाबत बसले. त्यांचा हात दुखला की सुगंधाबाई, त्यांचा दुखला की पुन्हा डॉक्टर. त्यांना काय वाटत होतं ते मला कळत होतं. हे एक बाळ वाचलं तर सरलाची आणि त्या ट्रेमधल्या सगळ्यांची फेड होईल, असं काहीतरी त्यांच्या मनानं घेतलं होतं. पुनाचा रंग राखेसारखा झाला होता. बोटांना धरायची ताकद उरली नव्हती.

अकराव्या दिवशी सकाळी दहा वाजता मंजुळाबाई आत आली. दारात झुलाल आणि भिकुबाई उभी. तिनं काचेतून खूप वेळ पाहिलं आणि डॉक्टरांना म्हणाली, आता थांबा.

डॉक्टरांना ते पटेना. ते म्हणाले, अजून दोन दिवस बघू, औषध बदलतो. भिकुबाईही मध्ये पडल्या; देव नेईल तेव्हा नेईल, आपल्या हातानं नळी काढायची हे पाप डोक्यावर घेऊ नको, असं त्यांनी सुनेला बजावलं. झुलाल भिंतीकडे तोंड करून उभा होता.

मंजुळाबाईनं आधी सासूला उत्तर दिलं. "तवय तो सोता दम लेत व्हता, आत्या. आते फुगा लेस." तेव्हा तो स्वतः दम घेत होता, आता फुगा घेतोय.

मग ती डॉक्टरांकडे वळली. "तवय तुम्ही माले न इचारता त्याले सोडी देत व्हतात. आते माले न इचारता धरी ठेवतस. दोन्ही एकच शे, साहेब. मनाजोडे द्या त्याले." माझ्याजवळ द्या त्याला.

फुगा डॉक्टरांच्या हातात होता. बोटं दाबत होती, सोडत होती. मी मोजलं नाही, पण आणखी पाच-सहा वेळा दाबला असेल. मग त्यांनी तो गादीवर ठेवला आणि ते उठून बाजूला झाले.

सुगंधाबाईंनी माझं झाकण उघडलं. नाकातली नळी काढली, तोंडातली काढली, चिकटपट्ट्या ओल्या कापसानं हळूहळू सोडवल्या. अकरा दिवसांत पहिल्यांदा पुना आईच्या छातीशी गेला. मंजुळाबाई स्टुलावर बसली, पदराखाली त्याला उघड्या अंगानं अंगाशी धरलं. झुलाल आला आणि खाली बसून त्यानं पोराचे पाय आपल्या ओंजळीत घेतले. थोड्या वेळानं भिकुबाईही आल्या आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मंजुळाबाई त्याच्याशी बोलत होती. घर कुठे आहे, शेत कुठे आहे, बहीण कशी आहे. पाऊण तासानं तिचं बोलणं थांबलं. खोलीत ऊन आलं होतं. माझे बल्ब अजून चालूच होते.

डॉक्टर कागद घेऊन आले. तिनं विचारलं, काय लिहिणार? त्यांनी पेन उघडलं. ती म्हणाली, लिहा, जिवंत जन्मला, अकरा दिवस राहिला, नाव पुना झुलाल. डॉक्टरांनी तसंच लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं.

ती सगळी गेल्यावर सुगंधाबाई हात पुसत म्हणाल्या, "डॉक्टर, बाकीच्यांची नावं कोणी लिहायची?" डॉक्टर खुर्चीत बसले. त्या म्हणाल्या, मी प्रत्येकाचं तोंड पाहिलंय, तुम्ही पाठ फिरवून होतात. डॉक्टरांनी तो स्टीलचा ट्रे उचलला आणि तो घेऊन ते बाहेर गेले. त्यानंतर तो मी कधी पाहिला नाही.

नियम मात्र मोडला. त्याच्या जागी नवा आला, तो असा, की कळा लागलेल्या आईला बाळ येण्याआधीच सगळं खरं सांगायचं आणि तिला विचारायचं. आणि ती जे म्हणेल त्यात तिच्यासोबत राहायचं. सोपं गेलं असं समजू नका. एक नऊशे ऐंशी ग्रॅमचा मुलगा जगला, त्याला चालायला चार वर्षं लागली. तीन बाळं गेली. १९९४ मध्ये शिंदखेड्याची पुष्पाबाई नावाची एक आई सगळं ऐकून म्हणाली, माझ्या बाळाला नळ्या लावू नका. तिच्यावरही कोणी डोळे वटारले नाहीत. बाळ तिच्या कुशीत दिलं. चाळीस मिनिटं ते तिथं होतं आणि त्या चाळीस मिनिटांत त्याला थंडी वाजली नाही. पुष्पाबाईलाही कागदावर नाव लिहून मिळालं.

१९९८ मध्ये आकडे दाखवणारं नवं यंत्र आलं. पांढरंशुभ्र, चाकांचं. त्याबरोबर एक नवे तरुण डॉक्टर आले. हुशार होते, वाईट नव्हते. मला बाहेर काढायच्या दिवशी मंजुळाबाई सुगंधाबाईंना भेटायला आली होती, सोबत बारा वर्षांची सरला. ती अंध मुलांच्या शाळेत सहावीत होती, सुट्टीला घरी आली होती. ती माझ्या काचेवर हात फिरवत होती आणि सुगंधाबाई तिला सांगत होत्या, तुझं डोकं इथं यायचं, पाय इथं.

तरुण डॉक्टर यंत्राचं पुस्तक चाळत मोठ्या डॉक्टरांना म्हणाले, यंत्र कितीही चांगलं आलं तरी अगदी लहान बाळांच्या मागे लागू नये सर, शेवटी आंधळी-पांगळी मुलं आई-बापांच्या गळ्यात बांधून आपण काय मिळवतो? सरलाकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

मंजुळाबाईनं तोंड उघडलं, पण सरलानं तिचा हात दाबला. माझ्या काचेवरचा दुसरा हात न काढता, आवाजाच्या दिशेला तोंड करून, शाळेत शिकवतात तसल्या स्वच्छ मराठीत ती म्हणाली, "सर, मी एक किलो पन्नास ग्रॅमची होते. मी इथंच उभी आहे. मिळवलं का नाही ते मला विचारा ना."

तरुण डॉक्टरांनी पुस्तक मिटलं. मग त्यांनी स्टूल ओढलं, तिच्यासमोर बसले आणि विचारलं. ती सांगायला लागली. काय सांगितलं ते मला पुरतं ऐकू आलं नाही, कारण तेवढ्यात दोन माणसांनी मला उचललं आणि बाहेर नेलं. पण जिन्याच्या वळणापर्यंत तिचा आवाज येत होता, आणि तो थांबला नव्हता.

तर मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं मी सांगणार नाही. माझी धूळ तुम्ही नाही पुसली तरी चालेल. मी माझं काम केलं, त्यातल्या चुकांसकट. पण तुमच्या घरात, गल्लीत, वर्गात कोणाकडे बोट दाखवून कोणी म्हणालं की हे जन्मलं नसतं तर बरं झालं असतं, तर गप्प बसू नका. त्याला खुर्ची द्या, त्या माणसासमोर बसवा आणि विचारायला लावा. उत्तर येईपर्यंत त्याला उठू देऊ नका.